फूड लायसन्स बोगस निघालं, आळ माझ्यावर आलाय, सोमवारी बोलावलंय

कुरडई_मानेवाडा | गुरुवार, १७ एप्रिल २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचते. आज झोप येत नाही आणि घरात कोणाजवळ बोलायची सोय राहिली नाही, म्हणून लिहिते आहे.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते. घरूनच सावजी मसाला, तिखट, कुरडया, मूगवड्या करून विकते. दोन बाया कामाला येतात. वर्षाची विक्री चारेक लाखांची. वाळवणाचे हे दोन महिनेच खरे कमाईचे, बाकीचं वर्ष मसाल्यावर निघतं.

मार्च २०२३ मध्ये एका दुकानदाराने सांगितलं, पाकिटावर एफएसएसएआय नंबर, म्हणजे फूड लायसन्सचा नंबर, नसेल तर माल ठेवणार नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आमच्या भागात आधार, पॅन, बिलं अशी ऑनलाइन कामं करून देणारा एक जण आहे. तो म्हणाला, साडेतीन हजारात पाच वर्षांचं करून देतो. आधार, फोटो, वीजबिल दिलं. २,००० रुपये आधी, १,५०० कागद हातात आल्यावर, दोन्ही वेळा फोनवरून पाठवले. तिसऱ्या दिवशी लॅमिनेट केलेला रंगीत कागद मिळाला. माझं नाव, माझा पत्ता, शिक्का, मार्च २०२८ पर्यंतची मुदत. मी तो फ्रेम करून स्वयंपाकखोलीत लावला. दोन वर्षं त्याच्यासमोर बसून मसाला निवडला आहे.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या किराणा दुकानाने माझं ४० किलो तिखट घेतलं. त्यांच्या हिशेबनिसाने तो नंबर सरकारी साइटवर टाकून पाहिला. तो मध्य प्रदेशातल्या कुठल्या तरी डेअरीचा निघाला. मला एक फोनही न करता त्यांनी पाकिटाचा फोटो ग्रुपवर टाकला, नंबरभोवती लाल गोल काढून. खाली लिहिलं, 'बोगस लायसन्सवाली बाई, हिचा माल घेऊ नका.' तो फोटो फिरत फिरत माझ्या मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर आला. तिनेच मला दाखवला.

काल अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी घरी आले. तक्रार आली आहे म्हणाले. बोलायला नीट होते. कागदाचा फोटो घेतला, तिखटाचा नमुना घेऊन चार भाग केले, सील केले, माझ्या सह्या घेतल्या. उरलेला माल घरीच ठेवा, हलवू नका असं लिहून दिलं. सोमवारी २१ ला कागदपत्रं घेऊन सिव्हिल लाईन्सला या म्हणाले. उद्या गुड फ्रायडे, मग शनिवार, रविवार.

तो ऑनलाइनवाला फोन उचलत नाही. भाऊ म्हणतो, सहा महिने जेल आहे. नवरा म्हणतो, कोणाला काही सांगू नको. मी कोणाला फसवलं नाही. पण कागद तर माझ्याच नावाचा आहे. सोमवारी जाऊन काय सांगू?

---

इतवारी_किराणा | रात्री ११.५८

ताई, आधी पाणी प्या. आता एक काम करा. कागदावरच्या १४ आकडी नंबरातले फक्त पहिले पाच आकडे इथे लिहा. पूर्ण नंबर टाकू नका. आणि कागदावर वर काय लिहिलं आहे, 'परवाना' की 'नोंदणी प्रमाणपत्र'?

---

कुरडई_मानेवाडा | शुक्रवार, १८ एप्रिल, रात्री १२.०४

वर नोंदणी लिहिलं आहे. आकडे ११४१८.

---

निवृत्त_सिव्हिल_लाईन्स | सकाळी ६.१०

मी या खात्यात नोकरी केलेली आहे, १९५४ चा भेसळ प्रतिबंध कायदा होता तेव्हापासून. ताईंनी लिहिलेल्या पाच आकड्यांतच सगळं दिसतं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. इथल्या बाकीच्यांनीही आपापला कागद काढून पडताळावा.

पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर नोंदणी. ताईंएवढी लहान उलाढाल असणाऱ्याला नोंदणी लागते, परवाना नव्हे. ताईंच्या कागदावर शब्द नोंदणीचा आणि आकडा परवान्याचा. तिथेच तो कागद खोटा ठरतो.

पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा १५. यांच्या कागदावर १४ आहे, तो मध्य प्रदेशाचा. म्हणजे मानेवाड्यातल्या नोंदणीचा नंबर २१५ ने सुरू व्हायला हवा होता.

त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे. १८ म्हणजे २०१८. ताईंनी कागद घेतला २०२३ मध्ये.

कोणीतरी दुसऱ्याचा जुना परवाना समोर ठेवून नाव, पत्ता आणि तारीख तेवढी बदलली आहे. नंबर बदलण्याचीही तसदी घेतली नाही. ताई, ज्या बाईला स्वतः खोटा कागद बनवायचा असता तिने दुसऱ्या राज्यातल्या डेअरीचा परवाना कुठून आणला असता? हा प्रश्न अधिकाऱ्यालाही पडणार आहे.

नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. पाच वर्षांचे ५००. तुमच्याकडून ३,५०० घेतले. खऱ्या अर्जाचा १७ आकडी संदर्भ क्रमांक मिळतो आणि तो अर्जदाराच्या मोबाइलवर येतो. तुमच्या फोनवर मार्च २०२३ मध्ये असा काही संदेश आला होता का, ते पाहा. आला नसेल तर अर्ज कधी केलाच गेला नव्हता.

---

कुरडई_मानेवाडा | सकाळी ७.२५

काही आला नव्हता. मुलीने सगळे जुने मेसेज पाहिले. पैसे गेल्याचे दोन आहेत, आणि त्याचा एक, 'ताई कागद तयार आहे'.

काका, तुम्ही लिहिलेलं मी तीनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

---

सदरचा_वकील | सकाळी ९.३०

कागद न पाहता बोलतो आहे, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

खोटा कागद बनवणं आणि खोटा कागद वापरणं हे दोन वेगळे गुन्हे आहेत. तुम्ही बनवला नाही, हे वरच्या काकांनी दाखवलंच. राहिला वापर. भारतीय न्याय संहितेचं कलम ३४०(२) म्हणतं की कागद खोटा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो खरा म्हणून लबाडीने वापरला तर गुन्हा. सगळा भार त्या 'माहीत असताना'वर आहे. गेल्या आठवड्यापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं.

पण ताई, आता माहीत आहे. यानंतर त्या नंबराचं एकही पाकीट विकलं, भेट दिलं, प्रदर्शनात मांडलं, तर आज जी ढाल आहे ती राहणार नाही. एका वहीत आजची तारीख घाला आणि लिहा: कधी कळलं, कोणी सांगितलं, त्यानंतर काय केलं. ज्या दुकानांत माल पडला आहे त्या प्रत्येकाला आजच लेखी कळवा की नंबर चुकीचा निघाला आहे, विक्री थांबवा, माल बाजूला ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवलं तरी चालेल, पण लेखीच. नुकसान होईल, ते सोसा.

भावाने सांगितलेलं जेलचं कलम म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याचं ६३. त्यात विनापरवाना धंद्याला मुळात सहा महिन्यांपर्यंत शिक्षा लिहिलेली होती हे खरं. पण त्याच वाक्यात, ज्यांना कलम ३१(२) खाली परवान्यातून सूट आहे अशा लहान व्यावसायिकांना वगळलेलं आहे. तुम्ही त्यांतल्याच. नोंदणी नसणं आणि पाकिटावर चुकीचा नंबर असणं हा नियमभंग आहेच, त्याला दंड होऊ शकतो, ते मी लपवत नाही. दंड ठरवताना मात्र कलम ४९ प्रमाणे अधिकाऱ्याने पाहायच्या गोष्टींत एक अशी आहे की नियमभंग त्या माणसाच्या नकळत झाला का. तुमचं सगळं म्हणणं त्या एका मुद्द्यावर उभं करा.

त्या ऑनलाइनवाल्याला आता फोन करू नका. तो 'दुरुस्त करून देतो' म्हणेल आणि दुसरा तसलाच कागद हातात देईल. चॅट पुसू नका, फोन बदलू नका. बँकेचं मार्च २०२३ चं स्टेटमेंट काढा. त्याने कागद केला २०२३ मध्ये आणि न्याय संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला, म्हणून त्याच्यावर जुन्या दंड संहितेची कलमं लागतील: ४२०, ४६८, ४७१. पोलिसांकडे तुमची तक्रार कोणी तुमच्यावर करण्याआधी गेलेली बरी. त्याने आणखी कोणाला असाच कागद दिला असेल तर तो माणूस शोधा. एकच हात दोन घरी सापडला की तुमच्याविषयी शंका उरत नाही.

---

प्रतापनगरकर | सकाळी १०.१५

माझं मत इथे कोणाला आवडणार नाही, तरी मांडतो. माझ्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. आम्ही घरगुती माल घेतो तेव्हा पाकिटावरचा तो नंबर बघूनच घेतो, कारण काही झालं तर कुठे जायचं ते त्यावरून कळतं. दोन वर्षं तो नंबर खोटा होता. ताईंनी एकदा तरी तो साइटवर टाकून पाहिला होता का? ५०० चं काम ३,५०० ला आणि तिसऱ्या दिवशी होतं, तेव्हा मनात काहीच आलं नाही? वकीलसाहेब, 'मानायला कारण' म्हणतात ते हेच ना? दुकानदाराने ग्राहकाचंच हित पाहिलं.

---

कुरडई_मानेवाडा | सकाळी १०.५०

दादा, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. नाही, मी कधी टाकून पाहिला नाही. असं पाहता येतं हेच माहीत नव्हतं. माझं शिक्षण दहावीपर्यंत. शिक्का असलेला कागद आला की तो सरकारी, असं मी धरून चालले. पैसे जास्त वाटले होते, पण उत्पन्नाच्या दाखल्यालाही तो फीपेक्षा वर घेतो, म्हणून ही त्याची मजुरी असेल असं समजले. यातलं कुठलंही कारण तुमच्या उपयोगाचं नाही, हे मला कळतं. माझ्या मसाल्यात शेंगदाणा नाही. पण ते तुम्ही माझ्या शब्दावर का मानावं, हेही बरोबरच आहे.

---

सदरचा_वकील | सकाळी ११.२०

प्रतापनगरकर, प्रश्न रास्त आहे आणि सोमवारी तोच विचारला जाईल. 'मानायला कारण' ठरवताना त्या माणसाची समज, शिक्षण, परिस्थिती पाहिली जाते. ताई, वर लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं द्या. त्याहून चांगलं मी लिहून देऊ शकणार नाही.

---

वायरमन_दिघोरी | दुपारी २.०५

मले बी असंच झालं होतं, फक्त उलटं. माझं इलेक्ट्रिक काँट्रॅक्टरचं लायसन्स खरं आहे. नवीन वीजजोडणीले वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागते, तो लायसन्सवाल्यानंच सही करून द्यावा लागते. कोण्या एकाजवळ माझ्या लायसन्सची झेरॉक्स होती. त्यानं माझी सही मारून भलत्याच घरांचे रिपोर्ट देऊन टाकले. मी त्या घरांत पायही ठेवला नव्हता. मले बोलावलं तवा म्हणाले, सही तुमची, शिक्का तुमचा.

मी वाचलो ते माझ्या कार्बन वहीमुळे. मी देतो त्या हरएक रिपोर्टची नक्कल माझ्या वहीत आहे, नंबरवारीनं. ते रिपोर्ट वहीत नव्हतेच. तरी आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत माझी जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारत, 'भाऊ, तुमचं लायसन्स खरं आहे ना?' ते ऐकून लागत होतं.

आता झेरॉक्स देतो तवा तिच्यावर आडवं लिहितो, कोणाच्या कामासाठी अन् तारीख. ताई, तुमी त्याले आधार दिलं ना? त्याच्यावर काही लिहिलं होतं का? नसन तर ते कुठं कुठं वापरलं तेही पाहून घ्या.

---

इतवारी_किराणा | सायंकाळी ५.४०

वायरमनभाऊंचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी मनावर घ्या.

लोकांची अजून एक गफलत होते ती सांगून देतो. शॉप अॅक्टची पावती म्हणजे धंद्याचं लायसन्स नव्हे. २०१७ चा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला, तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाने फक्त सूचना द्यायची असते आणि त्याची पोच मिळते. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी तर फुकट आहे. या दोन्हींचे हजार-दोन हजार घेऊन 'लायसन्स काढून दिलं' म्हणणारे इतवारीत मी रोज पाहून राहिलो. ताई, तुमच्याकडे यांतलं काय आहे?

---

कुरडई_मानेवाडा | सायंकाळी ६.१५

शॉप अॅक्टची पावती आहे. ती मुलीने आत्ता साइटवर शोधली, खरी आहे. तीही त्यानेच काढून दिली होती. म्हणजे त्याला खरं काम येत होतं.

आज सात दुकानांना लेखी कळवलं. तिघांनी वाचलं, उत्तर नाही. एका काकूंनी लिहिलं, 'घाबरू नको, पाकिटं खाली ठेवली, तुझं निस्तरलं की बघू.' एकाने पैसे परत मागितले. देते म्हटलं.

---

निवृत्त_सिव्हिल_लाईन्स | सायंकाळी ७.००

आता खऱ्या नोंदणीचा अर्ज करा. फॉसकॉस, म्हणजे फूड नोंदणीची सरकारी साइट, सुटीतही चालू असते. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि फी, एवढंच लागतं. मुलीला बसवा, तासाभराचं काम आहे. पत्ता नीट तपासा, वेबसाइटच्या शेवटी गव्ह डॉट इन असलं पाहिजे. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट आहेत, त्या फी म्हणून भलतीच रक्कम उकळतात.

---

सदरचा_वकील | सायंकाळी ७.२५

काका, थोडं थांबू द्या. सोमवारच्या आधी अर्ज केला तर 'नोंदणी नव्हती' ही कबुलीच झाली. आधी त्यांचं म्हणणं नोंदवून होऊ दे.

---

निवृत्त_सिव्हिल_लाईन्स | सायंकाळी ७.५०

नोंदणी नव्हती हे अधिकाऱ्याला माहीतच आहे, साइट त्याच्यासमोर आहे. मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे, साहेब. चार दिवस नुसता थांबलेला माणूस आणि कळल्या दिवशी अर्ज करून आलेला माणूस, यांच्याकडे एकाच नजरेने पाहिलं जात नाही. लपवायला काही असेल तर थांबावं. यांच्याकडे काय आहे लपवायला?

---

सदरचा_वकील | रात्री ८.३०

तुमचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त, मान्य. ताई, अर्ज करा. पण अर्जातला प्रत्येक शब्द खरा हवा. धंदा 'आजपासून' असं लिहू नका, कारण तुम्ही २०२३ च्या आधीपासून करता आहात.

---

बचतगट_उमरेड | शनिवार, १९ एप्रिल, सकाळी ८.४५

ताई, आमच्या गटातल्या नऊ जणींची नोंदणी एक पैसा कोणाला जास्त न देता झाली. केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना २०२० पासून आहे. तिच्यात प्रत्येक जिल्ह्याला संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. कृषी खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारा. फूड नोंदणी, उद्यम, कर्जाचा प्रस्ताव हे सगळं करून देणं हे त्यांचं कामच आहे. आम्हाला कोणी सांगितलं नसतं तर आम्हीही कोणा केंद्रावरच गेलो असतो. बाईमाणसाला कचेरीची भीती वाटते आणि ओळखीचा पोरगा जवळचा वाटतो. तिथेच घात होतो.

---

कुरडई_मानेवाडा | शनिवार, दुपारी १.३०

अर्ज केला. मुलगी आणि मी दोघी बसलो. पाच वर्षांचे ५०० रुपये. १७ आकडी क्रमांक माझ्या फोनवर आला. तो आल्याबरोबर मला रडू आलं. मुलगी म्हणाली, आई, आता काय झालं. तिला काय सांगू.

---

कुरडई_मानेवाडा | सोमवार, २१ एप्रिल, सायंकाळी ६.२०

आत्ताच घरी आले. इतवारीचे भाऊ दुकान बंद ठेवून माझ्यासोबत आले होते. मी त्यांना याआधी कधी भेटलेही नव्हते.

साहेबांनी कागद हातात घेतला आणि पहिल्या आकड्यावर पेन ठेवलं. काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच. मग विचारलं, नंबर कधी तपासला नाही का? मी इथे प्रतापनगरच्या दादांना दिलेलं उत्तरच दिलं. पैसे जास्त वाटले होते, हेही सांगितलं. वही दाखवली, दुकानांना पाठवलेले मेसेज, बँकेचं स्टेटमेंट, शनिवारचा अर्ज. त्यांनी सगळ्याच्या प्रती घेतल्या. माझा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला. एका ठिकाणी 'मला परवाना मिळवून दिला' असं लिहिलं होतं, मी म्हटलं, साहेब, 'परवाना म्हणून कागद दिला' असं लिहा. त्यांनी बदललं.

दंडाचं प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यांकडे जाईल, ते चुकणार नाही म्हणाले. नमुन्याचा अहवाल यायचा आहे. खरी भीती मला त्याचीच वाटते. माणसाचा कागद खोटा निघाला की लोक तिखटातही रंग शोधतात. मी भिवापूरची मिरची देठं खुडून, उन्हात घालून, डोळ्यांसमोर कांडून आणते.

तिथून पोलीस ठाण्यात गेलो. आधी म्हणाले हा पैशाचा आपसातला वाद आहे. भाऊंनी शांतपणे कागदावरचा खोटा शिक्का दाखवला. मग अर्ज घेतला, आवक शिक्का मारून प्रत दिली. गुन्हा अजून दाखल नाही.

---

सदरचा_वकील | रात्री ९.१०

'परवाना म्हणून कागद दिला', हा बदल फार मोलाचा आहे, ताई. आवक शिक्क्याची प्रत जपा. पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर वरिष्ठांकडे लेखी, टपालाने पाठवू. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये तशी सोय आहे. मजकूर मी लिहून देतो, फी नको.

आणि त्या ग्रुपवरच्या पोस्टबद्दल तुम्ही मला खाजगीत विचारलं होतं, ते इथेच सांगतो. बदनामीचा दावा करू नका. नंबर बोगस होता ही गोष्ट खरी होती आणि ग्राहकांना सांगण्यासारखी होती. 'बोगस बाई' हे खरं नव्हतं. पण त्यासाठी कोर्टात पाच वर्षं घालवण्यापेक्षा त्या दुकानदाराला एक पत्र लिहा, आजच्या जबाबाची तारीख आणि पोलिसांच्या आवक क्रमांकासकट. आरोप नको, विनवणीही नको.

---

प्रतापनगरकर | रात्री १०.००

तुम्ही पैसे जास्त वाटल्याचंही सांगितलंत, हे वाचलं. ते कठीण असतं. नवा नंबर आला की मला कळवा.

---

कुरडई_मानेवाडा | बुधवार, ७ मे, दुपारी ४.१०

एकेक सांगते.

२५ तारखेला घर पाहायला आले होते. पाण्याची टाकी, डबे, जाळ्या, कामावरच्या बायांची वैद्यकीय तपासणी झाली का, सगळं विचारलं. तपासणी झाली नव्हती, ती करून घेतली. २९ ला नोंदणी मिळाली. नंबर २१५ ने सुरू होतो. मी स्वतः साइटवर टाकून पाहिला, माझं नाव आलं. शेजारणीच्या फोनवरूनही पाहिला.

काल नमुन्याचा अहवाल आला. तिखट प्रमाणात आहे, बाहेरचा रंग नाही. तो कागद मी फ्रेम केला नाही, फाइलला लावला आहे.

जुनी पाकिटं अजून खोलीतच सील आहेत. त्यांचं काय करायचं ते लेखी आल्याशिवाय हात लावणार नाही. या साली कुरडयांचा हंगाम गेला. दोन्ही बायांना अर्धा पगार दिला, त्यांनी कुरकुर केली नाही, तरी मला ते खटकतं. दंडाची तारीख यायची आहे.

दुकानदाराला पत्र दिलं होतं. त्यांनी माझ्याशी काही बोलणं केलं नाही. पण ते पत्र त्यांनी त्याच ग्रुपवर टाकलं, पूर्ण, काही न जोडता. मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर मात्र ते आलं नाही. जुना फोटो जसा गेला तसं हे जात नाही.

त्या ऑनलाइनवाल्याचं दुकान बंद आहे. वर पाटी तशीच आहे.

---

वायरमन_दिघोरी | सायंकाळी ५.३०

ताई, बायांचा अर्धा पगार दिला हे लय मोठं केलं. कूलरचं, वायरिंगचं काही काम असन घरी तर सांगा, येऊन करून देतो.

---

प्रतापनगरकर | सायंकाळी ६.४५

नंबर पाहिला, बरोबर आहे. माल सुरू झाला की एक किलो मसाला. पाकिटावर घटक लिहाल तेव्हा 'शेंगदाणा नाही' असं वेगळं लिहाल का? आमच्यासारख्यांना सोपं जाईल.

---

कुरडई_मानेवाडा | सायंकाळी ७.००

लिहिते, दादा. पण आमच्या घरात एरवी शेंगदाणा असतो. मसाल्याचं जातं वेगळं केल्याशिवाय तसं लिहिणं बरोबर होणार नाही. ते केलं की सांगेन, तोवर तुम्ही घेऊ नका.

---

कामठी_लाडू | गुरुवार, १५ मे, रात्री १०.३५

नवीन सभासद आहे. हा धागा आज एका बाईने पाठवला. पूर्ण वाचला. मी डिंकाचे, मेथीचे लाडू करून देते. माझा कागद ऑगस्ट २०२३ चा. वर नोंदणी लिहिलं आहे आणि आकडे ११४१८ आहेत. पुढचे सगळे आकडे साइटवर टाकले, तीच मध्य प्रदेशची डेअरी निघाली. माझ्या भाच्याने मानेवाड्याहून करून आणला होता, ४,००० दिले. हात थरथरून राहिले. उद्या शंभर लाडवांची ऑर्डर आहे. कोणी आहे का जागं?

---

कुरडई_मानेवाडा | रात्री १०.४१

आहे, ताई.

उद्याची ऑर्डर आत्ताच रद्द करा, खरं कारण सांगून, लेखी. मग एक वही घ्या आणि आजची तारीख, वेळ घाला. १५ मे, रात्री साडेदहा, या धाग्यावरून कळलं. भाच्याला विचारा पैसे कसे दिले. फोनवरून दिले असतील तर बँकेतून कागद काढा. त्या माणसाला फोन करू नका. तुमचा कागद लॅमिनेट केलेला असेल, तो तसाच असू द्या, फाडू नका.

अर्ज कसा करायचा ते माझी मुलगी तुम्हाला सकाळी फोनवरून सांगेल.

सोमवारी, १९ ला, साडेदहा वाजता सिव्हिल लाईन्सला या. मी गेटजवळ उभी राहीन, हिरव्या काठाची साडी असेल. तिथून आपण दोघी पोलीस ठाण्यात जाऊ. माझ्या आवक शिक्क्याची प्रत मी सोबत घेते.